कोशाचा उंबरठा आणि नवा लेखक

गतवर्षी कार्तिकातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, पालखी देवळात परतून गर्दी पांगल्यावर, आम्ही अग्रशाळेच्या ओसरीवर चार वृद्ध महाजनांसमवेत बसलो होतो. जत्रेच्या जमाखर्चाच्या गोष्टी चालल्या होत्या. तेवढ्यात एका महाजनाचा मुलगा, नुकताच पदवीधर झालेला, काखेत संगणक घेऊन आला आणि आमच्यासमोर बसला. त्याचा चेहरा उतरलेला होता. आपल्या कुलदैवतावर त्याने दोन रात्री जागून एक लेख लिहिला होता आणि ज्यात कोणीही लिहू शकतो अशा, महाजालावरील एका मुक्त ज्ञानकोशात तो घातला होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तो लेख नाहीसा झालेला. त्याच्या जागी तीन ओळींची सूचना होती: मजकुरास संदर्भ नाहीत, काही भाग अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या मजकुराची नक्कल दिसतो, आणि लेखाची भाषा प्रशस्तिपर आहे.

"वकीलबाब," तो म्हणाला, "देवाचंच नाव पुसलं त्यांनी. तुम्ही एक नोटीस काढा." वृद्धांपैकी एकाने लगेच दुजोरा दिला. दुसऱ्याने हे आपल्या देवस्थानांविरुद्धचे कारस्थान असल्याचा निर्वाळाही देऊन टाकला. आम्ही मुलाला एकच प्रश्न विचारला, "त्यांचे नियम तू वाचलेस काय?" त्याने ते वाचले नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्हीही वाचले नव्हते. तेव्हा नोटीस काढण्यापूर्वी नियम पाहावेत, एवढे ठरवून आम्ही उठलो.

पुढे काही महिने तो मुलगा दर रविवारी आमच्याकडे येत राहिला. आम्ही त्याला शिकवीत आहोत असा आमचा समज होता. शेवटी कोणी कोणास शिकविले हे वाचकांनीच ठरवावे. मात्र एक गोष्ट आम्हांस प्रारंभीच उमगली. हे नियम नुसते पाठ करून कळत नाहीत. कोणता नियम कोणत्या अडचणीतून जन्मास आला हे ठाऊक झाले, म्हणजे तो जाचक वाटेनासा होतो. कायद्याचेही असेच आहे. म्हणून आम्ही त्या मुलाला नियमांऐवजी नियमांचा इतिहास सांगू लागलो, आणि तोच येथे थोडक्यात मांडीत आहोत.

कोश रचण्याची हौस मराठी माणसास नवी नाही. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश १८७६ साली निघाला. एका गृहस्थाने पुराणे, महाकाव्ये व बखरी चाळून केवढे काम करावे, याचा तो नमुना आहे. परंतु अशा कोशाचा सारा भार एका माणसाच्या विद्वत्तेवर असतो. तो माणूस जेथे चुकेल तेथे कोशही चुकतो, आणि चूक दाखविण्यास त्याच्या दाराशी जाण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

यापुढचे पाऊल टाकले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. त्यांचा जन्म १८८४ साली रायपुरास झाला. ते अमेरिकेत शिकले आणि १९११ साली कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. त्यांच्या ज्ञानकोशाचा उपक्रमही प्रथम नागपुरास आकारास आला व मागाहून पुण्यास गेला. महाराष्ट्राच्या आजच्या सीमेबाहेर वसलेल्या आपल्यासारख्या मराठी मंडळींस ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. केतकरांनी कोशासाठी राजाश्रयाची वाट पाहिली नाही. त्यांनी लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव हिंडून भाग विकले, वर्गणीदार मिळविले, आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले. या धडपडीचा वृत्तांत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवला आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, केतकरांचे कार्यालय ही नव्या लेखकांची तालीमच होती. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे तेथेच तयार झाले आणि पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे संपादक म्हणून नावारूपास आले. नव्या मनुष्याने कोठून वाचावे, टिपण कसे काढावे, दहा पानांचे सार दहा ओळींत कसे आणावे, हे तेथे शेजारी बसून शिकता येत असे. चूक झाली तर संपादक समोरच असे. नियम कागदावर असोत वा नसोत, ते माणसांत होते.

तिसरा टप्पा वाईचा. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ निघाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. त्यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड पुरा होण्यास २०१५ साल उजाडले. येथे पद्धती निराळी होती. विषय त्या त्या तज्ज्ञाकडे जाई, त्याचे लिखाण संपादक तपासीत, परिभाषा एकसारखी करीत आणि नोंदीखाली लेखकाचे नाव देत. कोशावर वाचकाने विश्वास का ठेवावा, तर लिहिणारा अधिकारी पुरुष आहे व तपासणारा त्याहून अधिकारी आहे म्हणून. गोवा विद्यापीठाने चार खंडांत सिद्ध केलेला कोंकणी विश्वकोशही याच परंपरेतला.

आता संगणकावरील मुक्त कोशांकडे वळू. या जातीच्या कोशांत अग्रगण्य म्हणजे विकिपीडिया. त्याची जन्मकथा अशी की, २००० साली जिमी वेल्स व लॅरी सँगर या दोन अमेरिकनांनी 'न्युपीडिया' नावाचा कोश काढला होता. तो पंडितांचा कोश होता. प्रत्येक लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून जावा असा दंडक होता. परिणाम असा झाला की, सुमारे साडेतीन वर्षांत पुरे झालेले लेख दोन डझनांच्या आसपासच राहिले. दरम्यान वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने १९९५ सालीच अशी पाने तयार केली होती की, वाचणाराच ती तेथल्या तेथे दुरुस्त करू शकेल. या पद्धतीला त्याने हवाई बेटांच्या भाषेतील 'शीघ्र' या अर्थाच्या शब्दावरून 'विकी' असे नाव दिले होते. ही युक्ती न्युपीडियाच्या जोडीला वापरून पाहावी म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा आरंभ झाला. जोड म्हणून आणलेले रोपटे मूळ वृक्षाहून मोठे झाले आणि न्युपीडिया २००३ साली बंद पडला. त्याच वर्षी १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. कोंकणीला मात्र बरीच वर्षे उमेदवारी करावी लागली. गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला केला, विद्यार्थ्यांनी त्यातील मजकूर संगणकावर उतरविला, आणि २०१५ साली कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला.

येथेच मुख्य प्रश्न उपस्थित होतो. ज्या कोशात लिहिणाऱ्याचे नाव-गाव ठाऊक नाही, त्याची पदवी कोणी विचारीत नाही, त्यावर विश्वास ठेवावयाचा कशाच्या बळावर? गोडबोल्यांच्या कोशात लेखक स्वतः उभा होता, केतकरांच्या कोशामागे केतकर होते, वाईच्या कोशामागे तर्कतीर्थ व त्यांचे विद्वन्मंडळ होते. येथे कोणीच नाही. तेव्हा या मंडळींनी प्रामाण्य माणसापासून काढून आधारग्रंथावर ठेवले. 'कोण सांगतो' हा प्रश्न त्यांनी सोडला आणि 'कशाच्या आधारे सांगतो' एवढाच ठेवला. या एका बदलातून त्यांचे बहुतेक सारे नियम निघतात. हे ध्यानात आल्यावर आमच्या विद्यार्थ्याचा निम्मा राग निवळला. "म्हणजे त्यांनी माझा अपमान केला नाही," तो म्हणाला, "मी कोण हेच त्यांना ठाऊक नाही."

पहिला नियम तटस्थतेचा. तो प्रारंभापासूनचा. परस्परविरुद्ध मतांची हजारो माणसे एकाच पानावर लिहू लागली, म्हणजे कोशाने स्वतः कोणतेही मत धरू नये, कोणाचे मत काय आहे एवढे सांगावे, यावाचून तडजोडीचा मार्ग उरत नाही. मुलाच्या लेखात पहिलेच वाक्य होते, 'हे अत्यंत जागृत देवस्थान असून नवसाला पावणारे आहे.' आम्ही त्याला म्हटले, "अरे, यावर तुझा विश्वास आहे, माझाही आहे. पण ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या वाचकाने तो कोशातून का घ्यावा? 'भाविकांची अशी श्रद्धा आहे' असे लिही. ते सत्य आहे, आणि कोणालाही नाकारता येणार नाही असे सत्य आहे." मंगेशीची कथा आपण सर्वजण जाणतो: सारीपाटात हरलेले शिवशंकर कैलास सोडून आले आणि व्याघ्राला भ्यालेल्या पार्वतीच्या हाकेतून देवाचे नाव उद्भवले. ही कथा कोशात अवश्य यावी, पण कथा म्हणून यावी. देवास त्यामुळे उणेपणा येत नाही.

दुसरा नियम पडताळणीचा आणि तिसरा स्वतंत्र संशोधन न घालण्याचा. हे दोन्ही २००३ च्या सुमारास लिखित स्वरूपात आले. पदार्थविज्ञानाच्या लेखांत काही हौशी माणसे आपापले नवे सिद्धांत घुसवू लागली होती. त्यांच्याशी विज्ञानाचा वाद घालीत बसण्यापेक्षा, 'आधी हे विद्वानांच्या पत्रिकेत प्रसिद्ध करा, मग येथे आणा' असे म्हणणे सोपे होते. त्यातून हा नियम उपजला.

वकील या नात्याने हे नियम आम्हांस परिचित वाटले. १८७२ च्या पुरावा कायद्याने ऐकीव गोष्ट सामान्यतः पुरावा म्हणून त्याज्य ठरविली होती. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, तरी हे तत्त्व कायम आहे. साक्षीदाराने स्वतः पाहिले असेल ते सांगावे. 'आजोबा सांगत असत' हे सामान्यतः चालत नाही. परंतु या साम्याने हुरळून जाऊन आम्ही मुलाला एक चुकीचा सल्ला दिला. न्यायालयास मूळ दस्तऐवज हवा असतो, नक्कल ही दुय्यम. म्हणून आम्ही त्याला म्हटले, "देवळाच्या कपाटातील मोडी कागद काढ, त्यांची छायाचित्रे घे आणि त्यांच्या आधारे लिही." त्याने तसे केले आणि पुन्हा नकार आला. कारण या कोशाचा न्याय येथे आपल्या न्यायालयाच्या उलट आहे. त्यास मूळ कागदाहून, त्या कागदाचा अभ्यास करून कोणी जाणत्याने छापलेले पुस्तक अधिक मान्य असते. मूळ कागद वाचून त्याचा अर्थ लावणे हे इतिहासकाराचे काम. कोशकाराने इतिहासकाराच्या मागून चालावयाचे.

हे प्रथम विचित्र वाटते, पण एक उदाहरण घ्या. बांदिवड्याच्या नागेशीच्या देवळात १४१३ सालचा, विजयनगरच्या काळचा शिलालेख आहे. दानाची नोंद करणारा तो लेख आपल्या देवळांच्या इतिहासात मोलाचा आहे. उद्या एखाद्या उत्साही तरुणाने तो दगड पाहून एक अक्षर वेगळे वाचले आणि तेच कोशात घातले, तर त्याचे वाचन बरोबर की चूक हे पाहणार कोण? कोशाच्या पानावर लिपितज्ज्ञ बसलेला नाही. म्हणून शिलालेखाचे छापील वाचन उद्धृत करावे. तुमचे वाचन वेगळे असेल तर ते एखाद्या संशोधनपत्रिकेत छापावे. ग्रंथांचेही तसेच. सह्याद्रिखंडाची मुद्रित आवृत्ती १८७७ साली मुंबईस निघाली. ती सिद्ध करणारे डॉ. गर्सन द कुन्हा हे गोव्याचे ख्रिस्ती विद्वान होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस कौतुकाची वाटेल. सह्याद्रिखंडात काय सांगितले आहे यास ती आवृत्ती उत्तम आधार होय. प्रत्यक्ष काय घडले यास ती आधार नव्हे. हा भेद ज्यास कळला, त्यास निम्मे संपादन आले.

चौथा नियम हितसंबंधाचा. कोणीही आपल्याच दाव्यात न्यायाधीश होऊ नये हे न्यायाचे जुने सूत्र. महाजनाने आपल्याच देवस्थानाविषयी लिहू नये असे कोश म्हणत नाही. पण आपले नाते उघड करावे आणि वादाचा मुद्दा असेल तर लेखात हात न घालता चर्चेच्या पानावर सुचवावे, असे तो म्हणतो. आपल्याकडे हे समजावून सांगण्याची गरज भासू नये. पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली देवस्थानांची नियमावली झाली, तिच्यात महाजनांच्या नोंदी, समित्या, हिशेब यांचे तपशील आले, आणि त्यावरून मानापानाचे किती दावे गोव्याच्या न्यायालयांत चालले हे आम्ही धंद्यामुळे जाणतो. दोन घराण्यांत पालखीच्या मानावरून वाद असेल आणि त्यांपैकी एका घराण्यातील मुलगा कोशात लिहीत असेल, तर तो कितीही प्रामाणिक असला तरी दुसऱ्या घराण्यास तो पक्षकारच दिसणार.

पाचवा नियम प्रताधिकाराचा, आणि येथे आमचा विद्यार्थी खरोखरच दोषी होता. त्याने देवळाच्या स्मरणिकेतील दोन परिच्छेद जसेच्या तसे उचलले होते. देवळाची स्मरणिका ती आपलीच, असे त्याचे म्हणणे. परंतु १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखाचा हक्क सामान्यतः लिहिणाऱ्याचा असतो आणि आज तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. केतकर १९३७ साली वारले, म्हणून त्यांचे स्वतःचे लिखाण कधीच मुक्त झाले आहे. कोंकणी विश्वकोश विद्यापीठाने होऊन मुक्त केला, म्हणून श्रेय देऊन तो वापरता येतो. स्मरणिकेचे तसे नाही. तिच्यातील माहिती घ्यावी, वाक्ये घेऊ नयेत, आणि ती कोठून घेतली हे सांगावे.

नियम मोडल्याने काय होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण २००५ सालचे. जॉन सीगेन्थालर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणा अनामिकाने, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे धादांत असत्य लिहून ठेवले. ते सुमारे चार महिने तसेच राहिले. सीगेन्थालर हे रॉबर्ट केनेडी यांचे सहकारी राहिलेले होते. त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करावी. या प्रकरणानंतर इंग्रजी विकिपीडियात नाव न नोंदविता नवे पान काढण्यास बंदी झाली आणि हयात व्यक्तींविषयीच्या मजकुराचे नियम कडक झाले. आधार नसलेला मजकूर तत्काळ काढणारा माणूस आपणांस उद्धट वाटतो. परंतु त्याच्यापुढे अशी उदाहरणे असतात.

तरीही या व्यवस्थेचा एक दोष सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. तीत 'नवागतास दुखवू नका' असाही एक नियम आहे, आणि तोच सर्वांत अधिक मोडला जातो. आमच्या विद्यार्थ्यास तीन ठराविक ओळी मिळाल्या. एकाही मनुष्याने त्यास 'ये, बस, असे कर' म्हटले नाही. देवळात प्रथमच आलेल्या भाविकाने चुकून नको तेथे पाऊल टाकले, तर त्यावर खेकसणारा सेवेकरी नियमाने बरोबर असतो, पण तो भाविक पुन्हा येत नाही. केतकरांच्या कार्यालयात जे शेजारी बसून शिकविणे होते, ते येथे हरवले आहे. मराठी विकिपीडियाच्या जुन्या मंडळींनी शब्द मात्र मोठे सुरेख योजले आहेत. नवख्याने सराव करावा त्या पानास त्यांनी 'धूळपाटी' म्हटले आणि सर्वांनी जमून विचारविनिमय करावा त्या पानास 'चावडी'. आपले पणजोबा फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत, चुकले की हाताने सपाट करून पुन्हा गिरवीत. धूळपाटीवरची चूक कोणी मोजीत नाही. आम्ही मुलाला तेथेच लिहावयास बसविले.

दुसरा दोष याहून गंभीर, आणि तो केवळ कोशाचा नव्हे, आपलाही आहे. छापील आधारच मान्य म्हटल्यावर ज्यांचे काही छापलेले नाही त्यांचे काय? १५६७ साली साष्टीतील देवळांचा विध्वंस झाला. त्या शतकात देव रातोरात नदीपलीकडे अंत्रुज महालात आले. तो महाल पोर्तुगिजांकडे १७६३ साली गेला, तोपर्यंत तेथे देवांना आसरा मिळाला. पळणाऱ्यांनी मूर्ती आणल्या, दप्तरे किती आणली कोण जाणे. त्यामुळे जुन्या देवळांची नावे व जमिनी यांचा मोठा आधार कोणता, तर पाडणाऱ्यांच्याच राज्यातील महसुली नोंदी, आणि १७१० साली लिस्बनला छापलेल्या फ्रान्सिस्कु द सौझ या पाद्र्याच्या ग्रंथासारखे ग्रंथ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याचे पुराभिलेख उजेडात आणले, अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्यातील इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला, रुई गोमिश परेरा यांचे गोव्याच्या देवळांवरील पुस्तक १९७८ साली इंग्रजीत आले. यांचे उपकार मोठे. पण या सर्वांत मोठी देवस्थाने ठळक आहेत. गावकुसावरचा राखणदार, गावड्यांची स्थळे, देवळात पिढ्यानपिढ्या वाजविणाऱ्या व गाणाऱ्या घराण्यांच्या आठवणी या अजूनही बहुतेक तोंडीच आहेत. त्या कोशाच्या उंबरठ्याबाहेर राहिल्या, तर त्यास एकटा कोश जबाबदार नाही. त्या आपण छापल्या नाहीत.

असो. धूळपाटीवर आमच्या विद्यार्थ्याचा लेख हळूहळू आकार घेऊ लागला. विशेषणे गेली. प्रत्येक वाक्यापुढे पुस्तक व पान येऊ लागले. कवळ्याच्या शांतादुर्गेचे देऊळ छत्रपती शाहूंच्या काळी, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिले, अशा प्रकारची विधाने इतर देवळांविषयी पुस्तकांत कशी आधारासह येतात हे त्याने पाहिले आणि आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे सालही तसेच द्यावयाचे ठरविले. ते साल त्यास तीन अलीकडच्या पुस्तिकांत मिळाले. तिन्हींत एकच साल. आम्ही म्हटले, "झाले तर. तीन साक्षीदार एकमुखाने बोलतात."

पण तो आता पूर्वीचा मुलगा राहिला नव्हता. तिन्ही पुस्तिकांनी ते साल कोठून घेतले हे त्याने शोधले. दोघींनी तिसरीवरून घेतले होते. आणि तिसरीने सुमारे पंधरा वर्षांपूर्वीच्या एका स्मरणिकेतील लेखावरून. एका रविवारी त्याने ती स्मरणिका आमच्यापुढे उघडून ठेवली व हळूच विचारले, "वकीलबाब, हें तुमीच बरयलां न्हू?"

लेख आमचाच होता. ते साल आम्ही कोठून घेतले हे आम्हांस चांगले आठवत होते. देवळाच्या एका वृद्ध सेवेकऱ्याने सभामंडपात बसून ते सांगितले होते, आणि त्यानेही 'असेल त्या सुमारास' असेच म्हटले होते. आम्ही तो 'सुमार' गाळला, कारण नुसते साल छापल्यावर बरे दिसते. न्यायालयात ज्या ऐकीव साक्षीस आम्ही उभे राहून हरकत घेतो, ती आम्ही स्वतः छापली होती. छापल्यामुळे ती दस्तऐवज झाली होती, आणि दस्तऐवज झाल्यामुळे तिला तीन साक्षीदार मिळाले होते. देवळाच्या फलकावरही आज तेच साल आहे.

आम्ही त्या मुलाला काय सांगावे? ते साल घाल म्हटले असते तर कोशाच्या नियमाने कदाचित चाललेही असते, कारण छापील आधार होता. नियम येथवर पोहोचत नाहीत. येथे लिहिणाऱ्याचा विवेकच लागतो. मुलाने ते साल घातले नाही. 'जीर्णोद्धाराचा निश्चित काळ उपलब्ध साधनांतून स्पष्ट होत नाही' एवढे सांगण्यासही आधार लागेल, म्हणून त्याने ते वाक्यही लिहिले नाही. त्याचा लेख आज अकरा ओळींचा आहे आणि अद्याप टिकून आहे. आम्ही यंदाच्या वार्षिक पत्रकात आमच्या जुन्या लेखाची दुरुस्ती छापली आणि फलकाविषयी समितीस पत्र दिले. समितीत दोन मते आहेत. इतकी वर्षे चाललेले साल आता का बदलावे, असे काहींचे म्हणणे आहे. त्यांचा आम्हांस राग नाही. ते साल त्यांना आमच्याच लेखणीने दिले होते.

वाचकांपैकी ज्यांची मुले-नातवंडे अशा कोशात लिहू इच्छितात, त्यांस आमचे सांगणे एवढेच. आधी एखाद्या दुसऱ्याच्या लेखातील शुद्धलेखन दुरुस्त करावे, मग एखादा सुटलेला संदर्भ जोडावा, मग धूळपाटीवर स्वतःचा लेख लिहावा, आणि कोणी तो खोडला तर रागावण्यापूर्वी चर्चेच्या पानावर कारण विचारावे. आणि ज्यांच्या घरी देवस्थानचे जुने कागद, कुलवृत्तान्त, कीर्तन-उत्सवांच्या वह्या असतील, मग ते गोव्यात असोत, बेळगावात असोत वा इंदूर-बडोद्याकडे असोत, त्यांनी त्या जाणत्या माणसाकडून तपासून, काय निश्चित आणि काय ऐकीव हे वेगळे करून, छापून काढाव्यात. त्या छापल्या गेल्या तर पुढच्या मुलास आधार मिळेल. 'सुमारास' हा शब्द मात्र कोणी गाळू नये.